गुलाबास पाणी केव्हा व किती द्यावे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बहुतेक गावांतील गुलाबाची झाडे डोळ्यांत भरण्यासारखी असतात. पावसाळ्याची ओल जमिनीत असते, हवा निवळलेली असते व छाटणीनंतर फुटलेली तांबूस पालवी वाऱ्यावर डोलत असते. माघ-फाल्गुनात तीच झाडे पाहिली तर चित्र पालटलेले दिसते. पाने पिवळी पडून गळू लागतात, फुलांचे दांडे आखूड होतात व कळ्या न उमलताच वाळतात. झाड पिवळे पडले म्हणजे त्यास पाणी कमी पडले, असा सर्वसाधारण समज असल्यामुळे मालक आठवड्याचे पाणी दर तीन दिवसांनी देऊ लागतो. वैशाखापर्यंत त्यांतील काही झाडे मरतात. मग वाण वाईट निघाला, कलम वाईट होते किंवा खत उष्ण पडले, अशी कारणे सांगितली जातात. मेलेले झाड उपटून मुळे पाहण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते. ती घेतली तर पुष्कळ वेळा मुळांची साल काळी पडून चिमटीत सुटून येते व मातीस आंबूस वास येतो, असे आढळते. ते झाड तहानेने मेलेले नसते.

डोळा भरून तयार केलेले गुलाबाचे कलम चांगले जोपासले तर पाच-सहा वर्षे व त्याहूनही अधिक काळ विक्रीयोग्य फुले देते. भाजीचा एखादा वाफा पाण्याने बिघडला तर तीन महिन्यांत नवा लावता येतो. गुलाबाचे झाड गेले तर त्याच्या जागी लावलेले कलम भरात येण्यास एक-दोन हंगाम जावे लागतात. चार-पाच गुंठ्यांत गुलाब लावून फुलांच्या रोजच्या विक्रीवर घरखर्च चालविणाऱ्या कुटुंबास ही हानी लहान नव्हे. यास्तव पाण्याचा विचार खताच्या व औषधाच्या आधी करणे इष्ट आहे.

मुळांस पाणी हवे, तशीच हवाही हवी

मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. पाणी दिल्यावर या पोकळ्या पाण्याने भरतात. जमिनीचा निचरा चांगला असेल तर जास्तीचे पाणी खाली उतरते, मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते व कणांभोवती पाण्याचा पातळ थर राहतो. या स्थितीस शेतकरी वाफसा म्हणतो. पेरणीच्या वेळी वाफशाची वाट पाहणे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु तोच नियम बागेतील उभ्या झाडास लागू आहे याचे भान अनेकांस राहत नाही. मुळे श्वासोच्छ्वास करतात. पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळांस प्राणवायू मिळत नाही, त्यांची पाणी शोषण्याची शक्ती मंदावते व शेवटी ती कुजतात. पाण्यात उभे असलेले झाड तहानलेल्या झाडासारखे कोमेजते ते यामुळेच. अशा झाडास आणखी पाणी देणे म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात तांब्या ओतण्यासारखे आहे.

महाराष्ट्राच्या पठारावरील जमिनींत याला आणखी एक कारण जोडले जाते. काळ्या व मध्यम काळ्या जमिनींत पुष्कळ ठिकाणी चुनखडी असते. अशा जमिनीत पाणी साचून राहिले की झाडास लोह मिळेनासे होते. मग कोवळी, शेंड्याकडील पाने पिवळी पडतात व त्यांवर हिरव्या शिरांचे जाळे तेवढे उठून दिसते. ही खूण एकदा पाहून ठेवली तर पुन्हा चूक होण्याचे कारण नाही. हिराकसाच्या फवारणीने अशी पाने काही दिवस हिरवी होतात. पण पाण्याची पाळी सुधारली नाही तर पुढील पालवी पुन्हा पिवळीच निघते.

तहानेची लक्षणे वेगळी असतात. तीत प्रथम बुंध्याकडील जुनी पाने पिवळी होऊन गळतात, पानांच्या कडा सुकतात, नवीन फूट थांबते आणि माती खोलवर कोरडी लागते. दुपारी शेंडे माना टाकतात, एवढ्यावरून निर्णय करू नये. चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडून जाते की पुरेशी ओल असलेल्या जमिनीतील कोवळे शेंडेही दुपारी कलतात आणि सायंकाळी पुन्हा उभे राहतात. झाड सकाळी, ऊन चढण्यापूर्वी पाहावे. सकाळीही ते मलूल असेल तर एक तर माती कोरडी आहे किंवा मुळे बिघडली आहेत. यांपैकी कोणते, ते खुरप्याने माती उकरून मिनिटभरात कळते.

मातीची परीक्षा

झाडापासून वीतभर अंतरावर खुरप्याने सुमारे १५ सेंटिमीटर खोल खड्डा करावा व तळाची मूठभर माती घेऊन हातात दाबावी. माती बोटांस चिकटली व तळव्यावर ओलसर डाग राहिला तर पाणी देण्याची मुळीच आवश्यकता नाही. गोळा झाला, पण अंगठ्याने दाबताच सहज फुटला तर वाफसा आहे, आणखी थांबावे. गोळा बांधतानाच ढासळू लागला तर पाण्याची वेळ झाली असे समजावे. हलक्या मुरमाड जमिनीत गोळा नीट होतच नाही, तेथे मातीचा थंडपणा व रंग यांवरून अदमास करावा लागतो. आठ-दहा दिवसांच्या सवयीने तो येतो. भारी काळ्या जमिनीत केसासारख्या बारीक भेगा पडू लागल्या की पाणी द्यावे. भेगा बोटभर रुंद होईपर्यंत थांबू नये, कारण ही माती आकसताना बारीक मुळे तोडते. आणि नंतर दिलेले पाणी मुळांना न मिळता भेगांतून थेट खाली निघून जाते.

“दर सोमवारी व गुरुवारी पाणी” अशी वाराची पाळी मजुराच्या व विजेच्या सोयीची असते. झाडाच्या गरजेशी तिचा संबंध नाही. डिसेंबरमधील आठवडा आणि मे महिन्यातील आठवडा पंचांगात सारखे असले तरी मे महिन्यात जमिनीतून व पानांतून उडून जाणारे पाणी डिसेंबरच्या दुपटीहून अधिक असते. विजेच्या वेळापत्रकामुळे वार बदलता येत नसेल, तर निदान माती पाहून एखादी पाळी चुकविण्याचे स्वातंत्र्य तरी मालकाने स्वतःकडे ठेवावे.

किती पाणी ?

एक चौरस मीटर जागेवर १ मिलीमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर १ लिटर, हा हिशेब लक्षात ठेवल्यास पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. पूर्ण वाढलेल्या झाडाभोवती ९० सेंटिमीटर व्यासाचे आळे केले तर त्याचे क्षेत्र सुमारे ०.६४ चौरस मीटर होते. त्यात २५ मिलीमीटर पाणी द्यावयाचे तर १६ लिटर, म्हणजे साधारण एक मोठी बादली पाणी लागते. ४ फूट × ४ फूट अंतरावर लावलेल्या एका गुंठ्यात ६८ झाडे बसतात. त्यांस प्रत्येकी १६ लिटरप्रमाणे सुमारे १,१०० लिटर पाणी पुरते. तोच गुंठा सपाट वाफे करून सर्व जागा भिजविली तर २५ मिलीमीटरसाठी २,५०० लिटर लागतात, आणि अधिक लागलेल्या पाण्यावर मुख्यत्वे तण वाढते. ज्याची विहीर होळीनंतर आटू लागते त्याने हा फरक अवश्य ध्यानात घ्यावा.

गुलाबाची पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या ४५ सेंटिमीटर थरात असतात. पाणी त्या खोलीपर्यंत पोहोचले पाहिजे. त्याखाली गेलेले वाया जाते. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी आळ्यात लोखंडी सळई हाताने दाबून पाहावी. ओल्या मातीत ती सहज जाते व कोरडी माती लागताच अडते. सळई वीतभरच गेली तर दिलेले पाणी थोडे झाले. रोज झारीने तांब्या-दोन तांबे पाणी शिंपडण्याची घरगुती बागेतील रीत या कसोटीस उतरत नाही. तिने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे वरच्या थरातच पसरतात व मालक दोन दिवस परगावी गेला तरी झाड सुकते. थोडथोडे रोज देण्यापेक्षा भरपूर देऊन मग वाफसा येईपर्यंत थांबावे.

पाळ्यांचे अंतर जमिनीच्या जातीवर अवलंबून असते. निचऱ्याच्या मध्यम काळ्या जमिनीत पूर्ण वाढलेल्या झाडास हिवाळ्यात साधारणतः ८ ते १० दिवसांनी व उन्हाळ्यात ४ ते ६ दिवसांनी पाणी लागते. हलक्या मुरमाड जमिनीत ओल थोडी राहते, म्हणून प्रत्येक वेळी आळ्यास ८ ते १० लिटर पाणी द्यावे व ते हिवाळ्यात ३-४ दिवसांनी, उन्हाळ्यात एक दिवसाआड द्यावे. भारी काळ्या जमिनीत अंतर याहूनही अधिक ठेवावे लागते, आणि खरे म्हणजे अशा जमिनीत गुलाब उंच वरंब्यावर लावणेच श्रेयस्कर. हे आकडे केवळ अदमासासाठी आहेत; शेवटचा शब्द मुठीतील मातीचा.

नव्याने लावलेल्या कलमांस हा नियम तसाच लावू नये. त्यांची मुळे पिशवीतील मातीच्या गोळ्यापुरतीच असतात. पहिले तीन-चार आठवडे त्यांस थोडे व वरचेवर पाणी द्यावे. पुढे पाळ्यांतील अंतर हळूहळू वाढवीत नेल्यास मुळे ओलीच्या शोधात खाली उतरतात.

पाणी देण्याची रीत

आळे खोलगट थाळीसारखे करून बुंधा मधोमध पाण्यात उभा ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती सोडून द्यावी. कलमाचा जोड, म्हणजे जेथे डोळा भरलेला असतो ती जागा, मातीच्या वर व कोरडी राहिली पाहिजे. त्यासाठी बुंध्यालगत वीतभर घेराचा मातीचा उंचवटा करावा व त्याच्या भोवती बांगडीप्रमाणे गोल चर ठेवून त्यात पाणी सोडावे. संत्रा-मोसंबीच्या बागाइतदारांस ही दुहेरी आळ्याची पद्धत परिचित आहे. पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात जाऊ न देता बाजूच्या दंडातून प्रत्येक आळ्यास स्वतंत्र फाटा काढावा. नाहीतर एका झाडाच्या मुळांचा रोग संपूर्ण ओळीत वाहत जातो, आणि पहिल्या झाडास पाणी अधिक व शेवटच्यास कमी मिळते ते निराळेच.

पाणी शक्यतो सकाळी द्यावे. रबरी नळीने सायंकाळी संपूर्ण झाड धुऊन काढणे पाहण्यास रम्य असले तरी गुलाबास घातक आहे. पानांवर काळे गोल ठिपके पाडून पाने गाळणारा जो बुरशीजन्य रोग आहे, त्याच्या बीजाणूंस रुजण्यासाठी पानावर सुमारे सात तास सलग ओलावा लागतो. सायंकाळी भिजलेले पान रात्रभर ओलेच राहते व बीजाणूंस हवा तेवढा अवधी मिळतो. सकाळी चुकून भिजलेले पान उन्हाने तासाभरात कोरडे होते. भुरी रोगाची गोष्ट वेगळी आहे. त्यास पानावर पाण्याचा थर लागत नाही. कोरडे दिवस व थंड, दमट रात्री यांत तो फोफावतो. म्हणून पाने कोरडी ठेवली की सर्व रोग टळतात, असे कोणी समजू नये. कडक उन्हाळ्यात लाल कोळ्यांचा उपद्रव वाढतो. पानांची खालची बाजू बारीक जाळ्यांनी भरलेली दिसली तर मात्र सकाळच्या वेळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारणे उपयोगी पडते. पाने भिजविण्याचा हा एक रास्त प्रसंग आहे.

उन्हाळ्यातील पाणी वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आच्छादन. आळ्यात उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा पालापाचोळा ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचा पसरावा. ऊन थेट मातीवर पडत नाही, वरची मुळे तापत नाहीत व पाण्याच्या पाळीचे अंतर वाढविता येते. आच्छादन बुंध्यास चिकटवू नये. जेथे वाळवी आहे तेथे ते अधूनमधून उचलून पाहावे. आच्छादनासाठी काहीच मिळत नसेल तर पाण्यानंतर वाफशावर खुरप्याने वरची माती हलकी भुसभुशीत करावी; खोल खुरपणी करून मुळे तोडू नयेत.

हंगामाप्रमाणे बदल

पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाकाठी पडणारा सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस बहुतांशी जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. या दिवसांत पाणी देण्यापेक्षा काढून देण्याचीच चिंता अधिक. आळ्यांच्या कडा फोडून टाकाव्यात व दोन ओळींमधून निचऱ्याचा चर काढून तो शेताच्या उतारास जोडावा. पावसाने मोठी उघडीप दिली तर मात्र माती पाहून एखादे पाणी देण्यास संकोच करू नये. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस कोरडे गेल्यावरही “पावसाळा आहे” म्हणून झाडे सुकू देणारे बागाइतदार काही थोडे नाहीत.

पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास मुख्य छाटणी करतात. तिच्यापूर्वी मध्यम व भारी जमिनीत आठ-दहा दिवस पाणी बंद ठेवल्यास झाडाची वाढ मंदावून त्यास थोडी विश्रांती मिळते. हलक्या जमिनीत एवढा ताण सोसत नाही; तेथे चार-पाच दिवस पुरेत. छाटणी झाल्यावर कुजलेले शेणखत आळ्यात मिसळून भरपूर पाणी द्यावे. त्यानंतर फूट दिसेपर्यंत झाडावर पाने नसल्यामुळे पाण्याचा खर्च फारच थोडा असतो, आणि नेमक्या याच वेळी उत्साहाच्या भरात जास्त पाणी दिले जाते. फूट वीतभर झाल्यापासून कळी रंग दाखवीपर्यंतचा काळ मात्र नाजूक आहे. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण सहा ते सात आठवडे लागतात. त्यांतील शेवटच्या तीन-चार आठवड्यांत एकदा जरी झाड खरे तहानले तरी दांडा आखूड राहतो व फूल लहान निघते. बाजारात दांड्याच्या लांबीवर भाव ठरत असल्यामुळे ही एक पाळी चुकविण्याची किंमत थेट मिळकतीतून द्यावी लागते.

ठिबक व विहिरीचे पाणी

ठिबक सिंचनाने पाणी मोजून देता येते व पाने कोरडी राहतात, म्हणून गुलाबास ते उत्तम. एका झाडास ताशी ४ लिटरचे दोन ठिबके दोन्ही बाजूंस, बुंध्यापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवले तर दोन तासांत १६ लिटर पाणी पडते. परंतु ठिबक बसविले म्हणजे चिंता मिटली, या समजुतीने नवीच अडचण उभी राहिली आहे. भारी जमिनीत रोज अर्धा तास ठिबक चालविल्यास वरचा थर कधीच वाफशावर येत नाही आणि बुडालेल्या मुळांची जुनी कथा पुन्हा सुरू होते. हलक्या जमिनीत रोज थोडे ठिबक योग्य. भारी जमिनीत एक-दोन दिवस सोडूनच चालवावे. ठिबके क्षाराने बुजतात, म्हणून आठवड्यातून एकदा ओळीने चालत जाऊन प्रत्येक ठिबका डोळ्यांनी पाहावा.

गुलाब खाऱ्या पाण्यास नाजूक आहे. अशा पाण्याने पानांच्या कडा भाजल्यासारख्या करपतात व मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. पाण्याची विद्युतवाहकता ०.७५ डेसीसायमन प्रतिमीटरपर्यंत असल्यास ते सामान्यतः निर्धोक असते. त्यावर गेल्यास निचरा व पिकाची निवड यांबाबत सावध राहावे लागते आणि २.२५ च्या वर गेलेले पाणी गुलाबास वापरू नये. ही तपासणी जिल्ह्याच्या मृद व जल चाचणी प्रयोगशाळेत करून मिळते. लावणीपूर्वी ती करून घ्यावी. पाणी थोडेसे खारट असेल तर अधूनमधून एखादे जादा पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली धुऊन न्यावे लागतात, पण हे निचरा असेल तरच साधते. निचरा नसता केवळ पाणी वाढविले तर क्षार वर येतात. निरा डाव्या कालव्याखालील कित्येक चांगल्या जमिनी अति पाण्याने पाणथळ व खारवट झाल्या, हे त्या भागातील शेतकऱ्यांनी एकेकाळी प्रत्यक्ष अनुभवले आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यास ही गोष्ट व्याख्यानाने पटविणे कठीण जाईल. त्यापेक्षा एखाद्या होतकरू शेतकऱ्याच्या बागेत दोन शेजारशेजारच्या ओळी निवडाव्यात. एका ओळीस नेहमीच्या वाराप्रमाणे व दुसरीस मुठीतील मातीची परीक्षा करून पाणी द्यावे. खत, छाटणी व औषध दोन्हींस सारखेच ठेवावे. प्रत्येक पाण्याची तारीख, बादल्यांची संख्या आणि तोडलेली फुले बांधावरील पाटीवर किंवा वहीत लिहून ठेवावीत. छाटणीपासून मार्चअखेरपर्यंत ही नोंद ठेवली की गावातील इतर बागाइतदारांस त्या बांधावर बोलवावे आणि दोन्ही ओळींच्या कडेची माती त्यांच्याच हातात द्यावी.